मोडलेली विश्रांती

स्कार्वओय, १४ जानेवारी

सुन्निवा,

फोन करत नाही, पत्र लिहितोय. पत्राची घंटी वाजत नाही. पेटीत गप पडून राहतं, आणि तुला सवड झाली की मगच तोंड उघडतं. तू माझा फोन उचलत नाहीस म्हणून लिहितोय असं समजू नकोस. म्हणजे, तेही आहेच.

आमचं टपाल संध्याकाळच्या विमानाने जातं. तेव्हा हे पत्र कदाचित तूच उडवत नेशील, मागच्या कप्प्यात, माशांच्या खोक्यांना लागून, आणि तुला पत्ताही नसेल. पाकिटाला वास लागला तर माझ्यावर रागावू नकोस. तिकीटही पुरेसं लावलंय की नाही देव जाणे. दुकानातला ओडवार म्हणाला पुरे, पण तो काहीही सांगतो.

छातीचं बरं आहे आता. परत काही झालेलं नाही. त्याची काळजी करू नकोस.

दुकानातलं ते बोलणं तुला उद्देशून नव्हतं. मला एवढंच सांगायचं होतं. ओडवारने सगळ्यांसमोर विचारलं, "काय रे हालगाइर, तुझी पोरगी दमली म्हणे? खुर्चीत बसून?" आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. तेव्हा मी म्हणालो की आमच्या वेळी दिवसरात्र जाळी ओढायचो, आणि 'दमलो' म्हणणाऱ्याला पुढच्या बंदरावर उतरवून द्यायचो. लोक हसले. मग एकदम हसायचे थांबले. तू दारात उभी आहेस हे मला ओडवारच्या चेहऱ्यावरून कळलं. सुट्टी काढून तू माझी छाती बघायला आली होतीस आणि आधी माझ्यासाठी पाव घ्यायला दुकानात शिरलीस. पाव तू परत फळीवर ठेवलास आणि दुपारच्याच विमानाने गेलीस. घरी आली नाहीस.

बोटीवर तो शब्द कुणी काढत नसे, हे तुला माहीत आहे. डोळे मिटायला लागले तर 'कॉफी आहे का' असं विचारायचं. समोरच्याला कळायचं. तू सरळ कंपनीला कळवलंस की थकव्यामुळे मी उडू शकत नाही. तो शब्द कागदावर घातलास! माझ्या बापाने ऐकलं असतं तर…

जाऊ दे. तो आता नाही.

सोलब्योर्ग बहिणीचा दफनविधी उरकून परत आली. डोक्यात तेच तेच फिरतं माझ्या. तुझं ते संध्याकाळचं विमान रद्द झालं, तिला ट्रोम्सोला आजारी बहिणीपाशी जायचं होतं. दुसऱ्या दिवशी बर्फाचं वादळ आलं. तिसऱ्या दिवशी ती पोचली तेव्हा आस्लाउगच्या खाटेवरची चादरसुद्धा बदललेली होती. हे ती प्रत्येकाला सांगते. चादरीचं.

आणि तू विचारणाऱ्याला फक्त एवढंच सांगतेस, की मी त्या दिवशी उडण्याच्या स्थितीत नव्हते. का नव्हतीस, ते कुणाला सांगत नाहीस.

लोकरीचे मोजे घालत जा.

बाबा


२२ जानेवारी

सुन्निवा,

तुझं उत्तर नाही. मागायचंही नाही असं ठरवलंय. पण पत्र पोचलं का तेवढं कळलं असतं तर बरं झालं असतं.

काल विमानतळावर गेलो होतो, यूरुनकडे. ती विमानांना सूचना देते त्या मनोऱ्यात वर चढलो. तिने मला बघितलं आणि दुर्बीण खाली ठेवली. म्हणाली, "म्हाताऱ्या, एवढे जिने चढून आलास! छाती सांभाळ." म्हणजे छातीचं तिलाही माहीत आहे. तू सांगितलंस का?

मी म्हटलं, मला तुमच्या धंद्यातले शब्द समजावून सांग. माझी मुलगी काय बोलते ते मला इतकी वर्षं कळलेलं नाही. तिने कॉफी ओतली. वर वारा असा होता की काचा बोलत होत्या.

"सेक्टर म्हणजे काय?"

"एकदा वर, एकदा खाली. झाला एक सेक्टर."

"आणि ती म्हणायची आज सहा सेक्टर आहेत, ते?"

"सहा वेळा वर आणि सहा वेळा खाली. आपल्या या पट्टीवर, अशा वाऱ्यात. तुझ्या बोटीवरून उतरायची फळी हिच्यापेक्षा रुंद होती."

मग मी ब्लॉक विचारलं. बोटीवर ब्लॉक म्हणजे दोर ओढायची कप्पी, मी आजवर समजत होतो की विमानातही तीच असते! यूरुन इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. चाकांखालचे ठोकळे काढल्यापासून परत लावेपर्यंतचा वेळ म्हणजे ब्लॉक, असं तिने सांगितलं. म्हणाली, "गावातले लोक तेवढाच मोजतात आणि म्हणतात, चार तासांत घरी! बर्फ खरवडण्याची वाट बघणं, हवामानाचे कागद, उशीर झालेल्यांच्या शिव्या, हे सगळं ड्युटीत. ते कोण मोजणार?"

मी म्हटलं, "सोलब्योर्गने तिला एकदा प्रवाशांमध्ये झोपलेली बघितली होती. गणवेशात, तोंड उघडं टाकून. फुकट फिरते म्हणाली."

"ती कामावरच होती रे. दुसऱ्या गावात विमान उडवायला तिला पोचवत होते. पोझिशनिंग म्हणतात."

"झोपणं हे काम?"

"तू गडी आणायचास बंदरावरून, ते वाटेत काय नाचत यायचे?"

तिच्या तोंडाला लागण्यात अर्थ नाही. मग मी मला विचारायचं होतं ते विचारलं. त्या दिवसाबद्दल. तिने टेबलावर साखरेचे दोन खडे ठेवले, एकमेकांपासून लांब. म्हणाली, याला स्प्लिट ड्युटी म्हणतात. सकाळी उडायचं, हा एक खडा. संध्याकाळी उडायचं, हा दुसरा. मधे दुपारी हॉटेलात पडदे ओढून झोपायचं. "ही मधली जागा रिकामी दिसते ना? ती रिकामी नाही. तिच्या जिवावर संध्याकाळ चालते. ती झोप मोडली तर संध्याकाळी उडायचं नाही."

"तिच्या जागी दुसरं कुणी नव्हतं?"

"स्टँडबायवर एक होता. घरी बसून, बूट घालून, फोनकडे बघत. पण त्याला आधीच दुसऱ्या आजाऱ्याच्या जागी पाठवलेलं होतं. उरलं कोण? कुणी नाही. विमान रद्द."

मी म्हटलं, पण दमणं तर सगळ्यांनाच असतं. तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "दमलेला सांगतो की मी दमलोय. ज्याचं डोकं खरंच थकलंय तो सांगतो मी ठीक आहे, आणि उंचीचा आकडा उलटा वाचतो. म्हणून जोवर कळतंय तोवरच सांगावं लागतं. विमानात बसायला लोक रांगेत उभे, सोलब्योर्ग काळा कोट घालून पुढे, आणि त्या वेळी फोन करून सांगायचं की मी येत नाही. तू सांगितलं असतंस?"

मी साखरेचा एक खडा उचलून परत जागेवर ठेवला. मग विचारलं, "झोप कशाने मोडली तिची?"

"हॉटेलवाल्यांनी दार ठोठावून उठवली म्हणे. कुणीतरी तातडीचा फोन केला होता. कोण ते ती सांगत नाही. असणार कुणीतरी गाढव."

"असणार," मी म्हटलं.

कॉफी तशीच टाकून आलो. तू तिला छातीचं सांगितलंस, पण फोनचं सांगितलं नाहीस. तू माझी चूक झाकतेयस, सुन्निवा. मला कळत नाही असं नाही.

बाबा


३ फेब्रुवारी

सुन्निवा,

दोन महिन्यांच्या अंधारानंतर आज सूर्याची कड दिसली. डोंगरामागून नुसतं डोकावून गेला. शाळेतल्या पोरांना गोड पाव वाटले.

मी सांगून टाकलं. सोलब्योर्गला. तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून घाईने लिहितोय.

ती दर गुरुवारी मला जेवायला बोलावते, हे तुला माहीतच आहे. तुझी आई गेल्यापासून एकही गुरुवार चुकला नाही. या वेळी अर्धसुका कॉड मासा होता, वर डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे. तिने वाढलं आणि म्हणाली, "पोरीचा राग बापावर काढायचा नाही असं मी ठरवलंय. खा. पण तिच्या विमानात मी पाऊल ठेवणार नाही. किनाऱ्याच्या बोटीने जाईन, ओकत जाईन, पण तिच्या मागे बसणार नाही."

मी ताट बाजूला सारलं. मी म्हटलं, "सोलब्योर्ग, तिला झोपेतून मी उठवलं."

"काय?"

"हॉटेलात फोन मी केला. ती दुपारची झोपली होती. मी सांगितलं की तिला उठवा."

तिने हातातला चमचा खाली ठेवला नाही. तसाच धरून बसली. "का?"

"टॅब्लेटवर विमानांचा नकाशा असतो, त्यात एक विमान दिसत होतं. इथून बाहेर, समुद्रावर, गोल गोल फिरत होतं. उतरतच नव्हतं. मला वाटलं आत तीच आहे. माझी छाती आवळून आली."

शेवटी तिने चमचा ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे मी इतके दिवस चुकीच्या माणसाला शिव्या घालतेय."

"हो."

"आणि तू समोर बसून बटाटे खात होतास."

"हो."

"शनिवारी ओडवारच्या दुकानात वॅफल भाजतात. सगळे येतात. तिथे सांगायचं. मी मागे उभी राहीन, म्हणजे तू मधेच पळणार नाहीस."

सांगितलं. सगळ्यांसमोर. टोपी हातात घेऊन. मला वाटलं होतं की आता थुंकतील. सुन्निवा, कुणी थुंकलं नाही! ओडवारने मला खुर्ची दिली. म्हणाला, "अरे, छातीत कळ आल्यावर माणूस पोरीलाच हाक मारणार. मी पण मारली असती." सगळे म्हणाले, बरोबर आहे. यूरुनसुद्धा तिथे होती. ती म्हणाली, "गाढव म्हटलं ते परत घेते. आजारी गाढव." आणि तुझ्याबद्दल सगळे चांगलं बोलले. बापाचं नाव न घेता सगळं अंगावर घेतलं म्हणाले. सोलब्योर्गने जाताना माझ्या कोटाची बटणं लावली.

तुझा निरोप आला परवा. इतक्या आठवड्यांनी तुझं नाव फोनवर दिसलं, ते मी उभ्याउभ्याच वाचलं. रविवारी येतेयस. ट्रोम्सोत हृदयाच्या डॉक्टरची वेळ घेतलीयस. कशाला घेतलीस? मला खरंच काही होत नाही. पण ये. ये म्हणजे झालं.

घर आवरतोय. चुलीचं धुराडं साफ करायला हवं, पण ओडवार वर चढू देत नाही. वाणसामानही तोच घरी आणून टाकतो. लाकडं सोलब्योर्गच्या भाच्याने फोडून दिली. कुणी मला काही उचलू देत नाही.

बाबा


१९ फेब्रुवारी, बुधवार

सुन्निवा,

हे पत्र टपालाने पाठवत नाही. यूरुन ते तुझ्या हातात देणार आहे, विमान इथे उभं असताना. टपालाने गेलं तर शुक्रवारच्या आत पोचणार नाही, आणि शुक्रवारी तुला बर्गनच्या नोकरीला होय की नाही ते कळवायचंय.

फोन करू शकलो असतो. पण फोनवर मी खोटं बोलतो. माझा आवाज हवा तेवढा आजारी होतो, हे मला त्या दिवशी कळलं.

तू आलीस तेव्हाच मी खरं काय ते सांगणार होतो. तू माशाचे गोळे करत होतीस, माझ्याकडे पाठ करून. तू म्हणालीस, "बाबा, मी बर्गनला नाही म्हणणार आहे." मला बर्गनचं काहीच माहीत नव्हतं. तू सांगितलंस, तिकडे मोठी विमानं आहेत, कप्तानाच्या खुर्चीचं शिक्षण आहे, दिवसाला दोन सेक्टर, रात्री आपल्या बिछान्यात. मी विचारलं मग नाही का म्हणतेस. तू हात पुसलेस आणि म्हणालीस, "तुम्हाला त्या छातीसकट इथे एकटं टाकून? मला तिकडे झोप येईल का?"

आणि मला आनंद झाला. हे मला लिहावंच लागेल. तू राहणार, या आनंदाने माझे कान गरम झाले. मी म्हटलं, "तुझं तू बघ बाई." आणि तीन वेळा गोळे वाढून घेतले.

सुन्निवा, माझ्या छातीत कधीच दुखलं नाही. त्या दिवशीही नाही.

विमान गोल फिरत होतं ते खरं. मी घाबरलो तेही खरं. तुझा फोन बंद होता. म्हणून मी हॉटेलात फोन लावला, आणि तिथली मुलगी म्हणाली, "त्या खोलीत झोपल्या आहेत. उठवू नका असं सांगून ठेवलंय." म्हणजे विमानात तू नव्हतीस. आत दुसरं कुणी होतं, किंवा तू आमच्या गावाकडे आलीच नव्हतीस, काही असो. तू सुखरूप होतीस, पांघरुणात. तेवढ्यावर मला फोन ठेवायला हवा होता.

मी ठेवला नाही. नाताळापासून तुझा आवाज ऐकला नव्हता. तू कामावर असतेस, स्टँडबायवर असतेस, झोपलेली असतेस, आणि मला त्यातला फरक कळत नसे. मला वाटायचं हे सगळं मला टाळायचे शब्द आहेत. भर दुपारी झोपलीय आणि बापाला फोन करायला वेळ नाही, असं माझ्या मनात आलं. त्या मुलीने विचारलं, तातडीचं आहे का? मी म्हटलं, हो. काय झालं? मी म्हटलं, छातीत दुखतंय. शब्द असा सरळ निघाला, जसा काही तिथेच बसलेला होता. मग तू आलीस फोनवर, धापा टाकत, आणि "बाबा, बाबा" म्हणालीस. लहानपणी म्हणायचीस तसं. मी म्हटलं, थांबतंय वाटतं आता. मग तू तासभर माझ्याशी बोललीस, झोपायचं सोडून. तुला परत झोप लागली नाही. कशी लागणार. त्यानंतर तू कंपनीला फोन केलास. आणि सोलब्योर्ग काळा कोट घालून विमानतळावर उभी राहिली.

शनिवारी मी टोपी काढून सांगितलं त्यात हे नव्हतं. मी त्यांना अर्धंच सांगितलं, आणि अर्ध्यावर त्यांनी मला खुर्ची दिली. गेले पंधरा दिवस मी त्या खुर्चीत बसलोय. लोक माझी लाकडं फोडतात. येत्या शनिवारी पुन्हा वॅफल आहेत. मी जाणार आहे. सोलब्योर्गला त्याआधी, गुरुवारीच, जेवायच्या आधी सांगणार आहे. जेवल्यावर नाही. मग गुरुवार संपले तर संपले.

तू वेळ घेतलेल्या त्या डॉक्टरकडे गेलो तर तो सांगेल की हृदय ठणठणीत आहे, आणि तू म्हणशील की हृदयाचं काही सांगता येत नाही, मी इथेच राहते. म्हणून मीच सांगतोय. तुला थांबवायला माझ्याकडे काहीही कारण नाही. एकटं वाटतं, पण ते दुखणं नव्हे. त्यासाठी कुणी कप्तानाची खुर्ची सोडायची नसते.

बर्गनला हो म्हण.

मला माफ कर असं लिहीत नाही. ते वाचून तुला लगेच काहीतरी उत्तर द्यावंसं वाटेल, आणि आज उत्तर द्यायला तुला वेळ नाही. यूरुनने मला तुझा आजचा दिवस सांगितला. इथून पुढे अजून चार सेक्टर आहेत, वारा उत्तरेकडून आहे, आणि शेवटची उतरण अंधारात. हे वाचून कुणाचे हात शांत राहणार नाहीत. मी एकदा तुझ्या दोन उड्डाणांच्या मधे घुसलोय. पुन्हा घुसणार नाही. म्हणून पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिलंय: शेवटच्या सेक्टरनंतर उघड. आधी झोपून घेतलंस तर आणखी चांगलं.

तुझं विमान उतरलं. मनोऱ्याच्या खिडकीतून दिसतंय. यूरुन समोर हात पुढे करून उभी आहे, तिला पाकीट द्यायचंय.

बाबा